औषधांना दाद न देणारा अपस्मार आणि नैराश्यावरची गोळी

माझा अपस्मार औषधांना दाद न देणाऱ्या प्रकारातला आहे, हे मला तिशीच्या उंबरठ्यावर कळले. त्याच्या जोडीला असलेले नैराश्य हा वेगळा आजार आहे आणि त्यावर वेगळा उपचार करता येतो, हे कळायला मात्र आणखी दहा-बारा वर्षे जावी लागली. अपस्माराची तीन औषधे आधीच चालू असताना नैराश्याचे चौथे औषध सुरू करण्याची प्रक्रिया कशी झाली, ते मी येथे सविस्तर लिहीत आहे. कारण त्या निर्णयाआधीच्या दिवसांत असे काही मराठीत वाचायला मिळावे म्हणून मी फार शोधले होते.

मी मिरजेत राहते. पहिली फिट नववीत असताना आली. पोटातून वर चढत येणारी भीतीसारखी एक संवेदना, मग मिनिट-दोन मिनिटे भान हरपणे, त्या वेळात ओठ चाटणे आणि ओढणीशी किंवा हाती येईल त्या वस्तूशी चाळा करणे, आणि भानावर आल्यावर बराच वेळ शब्दच न सापडणे, असे माझ्या फिटचे स्वरूप आहे. सर्वांगाला झटके येणारी मोठी फिट क्वचित येते. फेनिटॉइनने हिरड्या सुजल्या, व्हॅल्प्रोएटने वजन वाढले, आणि फिट दोहोंनीही थांबल्या नाहीत. योग्य निवडलेली आणि पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधे, एकेकटी किंवा एकत्र, फिट थांबवू शकली नाहीत, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा मानावा, अशी व्याख्या इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेने २०१० मध्ये केली. अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक या गटात मोडतात. अशा रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा विचार होतो आणि माझ्याही बाबतीत तो झाला. परंतु व्हिडिओ ईईजीत, म्हणजे चित्रीकरणासह केलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीत, फिट डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही टेम्पोरल लोबमधून (मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागांतून) स्वतंत्रपणे सुरू होताना दिसल्या, त्यामुळे ती वाट बंद झाली. ऑक्सकार्बाझेपिन, लेव्हेटिरासिटॅम आणि क्लोबाझाम अशा तीन औषधांवर महिन्याला चार-पाच फिट, हे माझे कायमचे गणित होऊन बसले.

नैराश्य कधी आले, त्याची तारीख मला सांगता येणार नाही. आमचे तंतुवाद्यांचे दुकान आहे आणि तिथले हिशेब व मागण्यांची नोंद मी पाहते. हत्यारांच्या जवळ मला बसू देत नाहीत, पण भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंतचे (घोडी घासून तारेचा स्वर उघडण्यापर्यंतचे) काम बघत बसणे ही माझी आवड होती. ती हळूहळू सुटली. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा मी लहानपणापासून चुकवली नव्हती. एके वर्षी ती सुरू असताना मी घरी पडून होते आणि आपण जात नाही याचे मला काहीच वाटले नाही. पहाटे तीनला जाग यायची, मग झोप लागायची नाही, आणि दिवसभर अंगात शिसे भरल्यासारखे वाटायचे. घरात कोणालाही हे वावगे वाटले नाही, कारण एवढा मोठा आजार असल्यावर माणूस खिन्न राहणारच, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत होती. माझीही तीच होती. या समजुतीने जेवढे नुकसान होते तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल, असे आता मला वाटते. अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे चौघांत एकाला नैराश्य असते, आणि ते केवळ परिस्थितीने आलेले दुःख नसते. मेंदूतल्या ज्या भागांतून फिट निघतात तेच भाग भावनांचे नियमनही करतात, आणि ज्यांना आधी नैराश्य येऊन गेले आहे त्यांना पुढे अपस्मार होण्याची शक्यताही इतरांपेक्षा जास्त आढळते. दोन आजारांमधली ही वाट दुतर्फा आहे. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात तर रोजच्या जगण्याची प्रत फिटच्या संख्येपेक्षा नैराश्याच्या तीव्रतेवरच अधिक अवलंबून असते, असे अभ्यासांत दिसले आहे. फिट थांबल्या की मन आपोआप ताळ्यावर येईल, अशा आशेवर बसलेल्या आमच्यासारख्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे, कारण आमच्या फिट बहुधा थांबणार नसतात.

माझे आधीचे न्यूरोलॉजिस्ट निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत फिटची संख्या विचारण्याआधी एक कागद हातात दिला. त्यावर सहा विधाने होती आणि गेल्या दोन आठवड्यांत त्यातले प्रत्येक किती वेळा वाटले, यासाठी चार पर्याय होते. अपस्माराच्या रुग्णांसाठीच बनवलेली ही छोटी प्रश्नावली आहे. नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावल्यांत थकवा, झोप, भूक, विसराळूपणा यांविषयी विचारतात. पण ही सगळी लक्षणे आमच्या औषधांनीही होतात, म्हणून या सहा विधानांत ती मुद्दाम घेतलेली नाहीत. पंधराच्या वर गुण झाले तर पुढची तपासणी आवश्यक समजतात. माझे गुण त्याहून बरेच वर गेले. त्या सहांपैकी एक विधान, आपण नसतो तर बरे झाले असते, अशा अर्थाचे आहे. त्यावर मी खरे उत्तर दिले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि शांतपणे विचारले, "ताई, असे मनात येते तेव्हा तसे काही करावे असेही येते का?" हा प्रश्न मला तोवर कोणीही विचारला नव्हता, आणि तो विचारल्याने माझ्या मनात भलते काही शिरले नाही, उलट, इतके दिवस एकटीने वाहिलेली गोष्ट बोलता आली. माझ्या यजमानांना आत बोलावून, औषधांचा साठा त्यांच्या ताब्यात ठेवायचा आणि गरज पडल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करायचा, असे त्या दिवशीच ठरले.

त्यानंतर गोळी लगेच मिळाली नाही, आणि त्यामागचे कारण समजावून सांगितले गेले. आधी हे पाहायचे होते की मनाची ही अवस्था अपस्माराच्याच एखाद्या औषधाने तर आलेली नाही ना. लेव्हेटिरासिटॅम, टोपिरामेट, पेरॅम्पॅनेल, फेनोबार्बिटोन यांनी काही रुग्णांत चिडचिड किंवा उदासी वाढते. याउलट लॅमोट्रिजिन, व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन यांचा मनाच्या स्थैर्याला आधारही मिळतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये अपस्माराच्या ११ औषधांच्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून इशारा दिला होता, की ही औषधे घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार किंवा वर्तन यांचे प्रमाण ०.४३ टक्के, तर नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ०.२२ टक्के होते. हा धोका एकंदरीत लहान आहे आणि त्यापायी औषध आपल्या मनाने बंद करणे कितीतरी अधिक घातक ठरू शकते. मात्र त्याच्याकडे लक्ष ठेवावे लागते.

म्हणून पहिले काम नोंदींचे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी फिटच्या दिवशी लाल टिंब देत असे. आता त्याच चौकटीत मनाच्या स्थितीसाठी शून्य ते पाच असा आकडा आणि मासिक पाळीच्या दिवसांवर एक फुली असे सुरू झाले. दोन पाने भरल्यावर काही गोष्टी उघड दिसू लागल्या. फिटच्या आदल्या दिवशी आकडा घसरत होता आणि फिटनंतर दोन-तीन दिवस तो तळाशी राहत होता, म्हणजे उदासीचा एक भाग सरळ फिटला चिकटलेला होता. पण मधल्या मोकळ्या आठवड्यांतही तो दोनच्या वर जात नव्हता. फिटशी संबंधित उदासी आणि कायमची उदासी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नैराश्यावरच्या गोळीची अपेक्षा प्रामुख्याने दुसरीसाठी ठेवायची असते, हे मला त्या पानांवरून समजले. शिवाय फुलीच्या आसपास टिंबांची गर्दी होती, याचा उपयोग पुढे फार झाला.

लेव्हेटिरासिटॅमच्या जागी त्याच्याच जातीचे, पण ज्याने चिडचिड बहुधा कमी होते असे ब्रिव्हारॅसिटॅम आले. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याचा परिणाम पुरता दिसेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, ही शिस्त न्यूरोलॉजिस्टनी काटेकोर पाळली. चिडचिड खरोखरच उतरली. मुलाच्या अंगावर ओरडणे थांबले. उदासी मात्र जागेवरच राहिली, आणि तेव्हा त्यांनी मला सांगलीच्या मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देऊन पाठवले.

येथे मला भीतीविषयी लिहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी, तुम्हाला फिट येतात म्हणून मनाच्या गोळ्या तुम्हाला कधीच देता येणार नाहीत, असे एका वाक्यात सांगून विषय संपवला होता. त्या वाक्याने माझी अनेक वर्षे घेतली. पुढे सर्ट्रालिन या औषधाच्या पत्रकातही, अस्थिर अपस्मारात ते टाळावे, अशा आशयाची सूचना मी वाचली, आणि माझा अपस्मार तर अस्थिरच होता. मनोविकारतज्ज्ञांनी ही भीती झटकून टाकली नाही. तिचे तुकडे करून दाखवले. नैराश्यावरची सगळी औषधे एका माळेचे मणी नाहीत. ब्युप्रोपिऑन, क्लोमिप्रामिन, मॅप्रोटिलिन यांनी फिट येण्याचा धोका खरोखर वाढतो आणि ती आमच्यासारख्यांना टाळतात. जुन्या ट्रायसायक्लिक औषधांचा धोका मात्रेबरोबर वाढतो, आणि अतिमात्रा झाल्यास ती फार धोकादायक ठरतात. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या एसएसआरआय गटाची गोष्ट निराळी आहे. २००७ मध्ये केनेथ आल्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे मंजुरीसाठी आलेल्या मानसिक आजारांच्या औषधांच्या चाचण्यांतील ७५,००० हून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा या नव्या पिढीच्या औषधांवरील रुग्णांत फिटचे प्रमाण नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या रुग्णांपेक्षा कमी आढळले. त्या चाचण्यांतले लोक मानसिक आजारांचे होते, अपस्माराचे नव्हते, हे मनोविकारतज्ज्ञांनी लगेच जोडून सांगितले, आणि मला ते फार विश्वासार्ह वाटले. अपस्मार असलेल्यांवर झालेले अभ्यास थोडे आणि लहान आहेत. त्यांत या औषधांनी फिट वाढल्याचे दिसलेले नाही, पण पुरावा भक्कम म्हणावा इतका नाही. थोडक्यात, ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या योग्य औषधाचा धोका लहान आहे, आणि उपचार न केलेल्या नैराश्याचा धोका मोठा आहे व तो माझ्याबाबतीत समोर दिसत होता. हा हिशेब मला पटला.

मग औषधांच्या आपसांतल्या संबंधांचा प्रश्न आला. फ्लुओक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिन यकृतातल्या काही विकरांचे (औषधांचे विघटन करणाऱ्या एन्झाइमांचे) काम मंदावतात, त्यामुळे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा क्लोबाझामचे घटक रक्तात साचू शकतात. उलट फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही औषधे तीच विकरे वाढवून नैराश्यावरच्या औषधाची पातळी उतरवू शकतात, आणि मग गोळी घेऊनही गुण येत नाही. माझ्यासाठी सर्ट्रालिन निवडले गेले. परंतु खरा अडसर वेगळाच होता: ऑक्सकार्बाझेपिनने रक्तातले सोडियम कमी होते, एसएसआरआय औषधांनीही ते कमी होते, आणि सोडियम खूप उतरले तर त्यानेच फिट येऊ शकतात. सोडियमची नेहमीची पातळी १३५ ते १४५ असते. गोळी सुरू करण्यापूर्वी माझे १३४ होते. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचे आणि डोकेदुखी, मळमळ किंवा विचित्र सुस्ती वाटली तर त्याआधीच तपासायचे, असे चिठ्ठीवर ठळक लिहून दिले गेले.

सकाळी नाश्त्यानंतर २५ मिलिग्रॅमने सुरुवात झाली. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि एक प्रकारची आतून होणारी थरथर होती. ती फिटची पूर्वसूचना आहे की गोळीचा परिणाम, हे ओळखणे अवघड गेले. फरक असा, की फिटची लाट पोटातून वर येऊन अर्ध्या मिनिटात काहीतरी ठरवून टाकते, आणि ही थरथर तास-तासभर रेंगाळते. तिसऱ्या आठवड्यात मात्र डोके जड झाले, शब्द अडखळू लागले आणि लागोपाठच्या दोन दिवसांत फिट आल्या, त्यातली एक मोठी. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगत होते ना, डोक्याच्या गोळीवर डोक्याची गोळी घेऊ नये." घरातल्या सर्वांचे मत गोळी त्याच दिवशी बंद करावी असे झाले. यजमानांनी फक्त एवढे म्हटले, की आधी रक्त तपासू. सोडियम १२८ आले.

त्या एका आकड्याने सगळा निर्णय बदलला. दोन्ही डॉक्टर त्या संध्याकाळी एकमेकांशी फोनवर बोलले, आणि हे बोलणे घडले म्हणूनच उपचार टिकला, असे माझे ठाम मत आहे. एकाच डोक्याचे दोन आजार दोन दवाखान्यांत वाटले गेले की मधली जबाबदारी रुग्णाच्या पिशवीतल्या फायलीवर येऊन पडते. सर्ट्रालिनची मात्रा न वाढवता तशीच ठेवली, दिवसभरातले पाणी आणि चहा मिळून दीड लिटरच्या आत ठेवायला सांगितले, आणि ईसीजी काढून, ऑक्सकार्बाझेपिन टप्प्याटप्प्याने कमी करत लॅकोसामाइड चढवत नेले. एका वेळी एकच बदल हा नियम येथे मोडावा लागला, आणि तो का मोडतो आहोत हेही त्यांनी सांगितले. सोडियम काही आठवड्यांत १३४ वर परतले. सुस्ती गेली. त्यानंतरच गोळी ५० आणि पुढे १०० मिलिग्रॅमपर्यंत गेली.

फिट वाढल्या का, हा प्रश्न मला आजही सर्वप्रथम विचारला जातो. त्याचे उत्तर एका आठवड्यावरून देता येत नाही, कारण माझ्या फिट पाळीच्या दिवसांत दाटतात आणि मध्ये विरळ होतात. म्हणून गोळी सुरू होण्याआधीचे तीन महिने आणि मात्रा स्थिरावल्यानंतरचे तीन महिने अशी कालनिर्णयची पाने शेजारी ठेवून टिंबे मोजली. संख्या जवळपास तीच होती; किंचित कमीच, पण त्याचे श्रेय लॅकोसामाइडला असू शकते, आणि सर्ट्रालिनने फिट कमी होतात असा दावा मी करणार नाही. मनाचे आकडे मात्र तीन आणि चारवर आले होते.

सुधारणा कशी झाली, हे सांगायचे तर ती आनंदाच्या रूपात आली नाही. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात पहाटे तीनची जाग गेली. मग एक दिवस दुकानात जवारी लावताना कारागीर तार पुन्हापुन्हा छेडून घोडीवर पट्टी घासत होते, आणि स्वर उघडेपर्यंत मी तिथून उठले नाही, हे माझ्या नंतर लक्षात आले. फिटनंतरची दोन-तीन दिवसांची उदासी अजूनही येते, पण ती येऊन जाते. पूर्वी ती आधीच भरलेल्या आडात पडत असे.

गोळीच्या बरोबरीने समुपदेशनही चालले आणि त्याला मी दुय्यम मानत नाही. अमेरिकेत अपस्मार आणि नैराश्य दोन्ही असलेल्या १४० प्रौढांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काहींना सर्ट्रालिन आणि काहींना विचार व वर्तन बदलण्याची मानसोपचार पद्धत दिली होती. १६ आठवड्यांत दोन्ही गटांत निम्म्याहून अधिक लोक नैराश्यातून बाहेर आले. माझ्याबाबतीत समुपदेशकांनी आधी एक यादी करायला लावली: कोणत्या गोष्टी खरोखर धोक्याच्या म्हणून बंद आहेत आणि कोणत्या केवळ भीतीने बंद केल्या आहेत. कृष्णेच्या घाटावर एकटीने पाण्यात उतरणे, गॅसजवळ एकटीने तळण करणे, गाडी चालवणे या पहिल्या रकान्यात राहिल्या. रेल्वेने माहेरी जाणे, बचत गटाच्या बैठकीला बसणे, मैफलीला जाणे या दुसऱ्या रकान्यात निघाल्या, आणि तो रकाना लांबलचक होता. त्यातली एकेक गोष्ट कोणाची तरी सोबत घेऊन परत सुरू झाली.

घरच्यांना समजावणे हा या प्रक्रियेचाच एक भाग होता. आमच्या लग्नाच्या वेळी सासरी माझ्या फिटविषयी सगळे आधीच सांगितलेले होते. १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर काढला गेला असला, तरी लोकांच्या मनातून तो निघायचा आहे, हे आम्ही पाहिले होते. अपस्मार स्वीकारलेल्या माझ्या सासूबाईंना मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्याची पायरी मात्र जड गेली. त्यांची भीती माझ्यावरच्या मायेपोटी होती, म्हणून एका भेटीला मी त्यांनाच सोबत नेले. डॉक्टरांनी त्यांच्या सगळ्या शंका ऐकून घेतल्या. आता सोडियमच्या तपासणीची आठवण त्याच करून देतात.

गोळी किती काळ घ्यायची, यावर सध्या चर्चा चालू आहे. पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवतात, आणि ज्यांना नैराश्य पुन्हा येते त्यांना त्याहून जास्त काळ. बंद करायची झाल्यास ती एकदम न थांबवता अनेक आठवड्यांत हळूहळू उतरवावी लागते, नाहीतर चक्कर, अस्वस्थता आणि झोपमोड होते, आणि झोपमोड ही माझ्या फिटला सर्वांत आधी निमंत्रण देणारी गोष्ट आहे. मनोविकारतज्ज्ञांचे मत उतरवून पाहावे असे आहे. न्यूरोलॉजिस्ट म्हणतात, की येत्या काही महिन्यांत क्लोबाझाम कमी करायचा बेत आहे, तो आधी पार पडू द्या, म्हणजे काही बिघडले तर कशाने बिघडले ते कळेल. मला दुसरे म्हणणे पटते. तोवर १०० मिलिग्रॅम सर्ट्रालिन, दर तीन महिन्यांनी सोडियम आणि दर भेटीला तो सहा विधानांचा कागद, असे चालू आहे.